‘नदी आलं’ म्हणणाऱ्या आज्जीचं व्याकरण

पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं की आमची आज्जी ओसरीवरून हाक द्यायची, “नदी आलं रे, गुरं वर घ्या!” मी तेव्हा चौथीत. शाळेत तो-ती-ते नुकतंच घोकून झालेलं, त्यामुळे मी लगेच मास्तर व्हायचो. “आज्जी, आलं नाही, आली. ती नदी.” आज्जी म्हणायची, “तेच म्हणालोय की मी. आलं.”

तिच्या तोंडी एसटी ‘आलं’, म्हैस ‘आटलं’, भाकरी ‘करपलं’. मात्र माणसांच्या बाबतीत ती कधी चुकली नाही. काका आला, काकू आली. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वर्षं गेली, आणि सगळी मेख तिथंच होती.

घरात आज्जीची भाषा कन्नड. सांगली-मिरज पट्ट्यातल्या बऱ्याच जैन घरांत हे नेहमीचं आहे, सांगावं लागत नाही. मळ्यात कामाला येणाऱ्या बायकांशी ती मराठीत बोलायची आणि दारावर येणाऱ्या बागवानाशी दख्खनी उर्दूत घासाघीस करायची. ‘आज्जी’ ही हाकच बघा. कन्नडमध्ये अज्जी, आमच्या मराठीत आज्जी. ती नेमक्या कुठल्या भाषेतली आज्जी होती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

पुढे कळलं की आज्जी ज्याला ‘आलं’ म्हणायची त्यावर जगभरचे भाषाशास्त्रज्ञ पन्नासेक वर्षं लिहीत आहेत. आणि त्या चर्चेच्या मध्यभागी आहे आमच्याच जिल्ह्यातलं एक गाव, कुपवाड.

जॉन गम्पर्झ नावाचे एक अभ्यासक होते. जन्म जर्मनीतला, १९२२ सालचा, कुटुंब ज्यू. नाझींच्या काळात देश सोडून ते अमेरिकेत पोचले आणि पुढे भाषाशास्त्रज्ञ झाले. एकच भाषा, एकच वंश अशा वेडातून जीव वाचवून निघालेला हा माणूस भारतातल्या खेड्यांत लोक कसे बोलतात हे ऐकत बसला, याचं मला कायम कौतुक वाटत आलं आहे. रॉबर्ट विल्सन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी कुपवाडवर लिहिलेला निबंध १९७१ साली छापला गेला. भाषासंपर्क हा विषय शिकणाऱ्या जगातल्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला हे गाव नावानं माहीत असतं. सांगलीकरांना मात्र कुपवाड म्हटलं की एमआयडीसी आठवते.

त्या वेळी हे साधारण तीन हजार वस्तीचं गाव होतं. जमिनी मुख्यतः कन्नड बोलणाऱ्या जैनांच्या. लिंगायतही कन्नड बोलणारे. मुसलमान घरांत उर्दू, म्हणजे आपली दख्खनी. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातींमधल्या भूमिहीन शेतमजुरांच्या घरी मराठी. दोर वळणाऱ्यांची काही घरं तेलुगू बोलणारी. ही वस्ती काल-परवा गोळा झालेली नव्हती, कित्येक शतकं ही माणसं शेजारी राहत होती. बहुतेक सगळ्या पुरुषांना दोन किंवा अधिक भाषा येत आणि दिवसभरात त्या पुन्हा पुन्हा बदलाव्या लागत.

इतकी शतकं एकत्र राहिल्यावर काय व्हायला हवं होतं? आपला साधारण अंदाज असा असतो की एक भाषा बाकीच्यांना गिळते, नाहीतर सगळ्यांची खिचडी होते. कुपवाडात दोन्ही झालं नव्हतं. जे झालं होतं ते एका वाक्यात दिसतं. “पाला थोडा कापून आणला” असं सांगायचं आहे. गावातल्या तीन भाषांत ते असं नोंदलेलं आहे:

मराठी: पाला जरा कापून घेऊन आलो.
उर्दू: पाला जरा काटके लेके आया.
कन्नड: तपला जरा खोदि तगोंडि बैन.

आता बोट ठेवून वाचा. पाला, पाला, तपला. जरा तिन्हीकडे जरा. कापून, काटके, खोदि. घेऊन, लेके, तगोंडि. आलो, आया, बैन. शब्दांचा क्रम तोच, शब्दांना लागलेले प्रत्यय त्याच जागी आणि त्याच कामाचे. भाषांतर करायला वाक्य मोडावंच लागत नाही. एकेक शब्द उचलायचा आणि त्याच खोबणीत दुसऱ्या भाषेतला बसवायचा. मोदकाचा साचा एकच, सारण ज्याच्या त्याच्या घरचं.

मराठी आणि उर्दू एका घराण्यातल्या, तेव्हा त्यांचं जुळलं यात फार नवल नाही. कन्नड मात्र द्राविडी कुळातली, तिचा या दोघींशी मुळात रक्ताचा संबंध नाही. तिनंही तोच साचा वापरावा, ही खरी गोष्ट आहे.

आता आज्जीच्या नदीकडे येऊ.

मराठीत निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं आणि त्याला काही तर्क नसतो. दगड तो, वीट ती, घर ते. खुर्ची ती आणि टेबल ते, का ते विचारायचं नाही. परभाषिक माणूस मराठी शिकताना इथंच रडकुंडीला येतो. कन्नडचा हिशेब सरळ आहे. पुरुष असेल तर तो, बाई असेल तर ती, बाकी दुनिया ते. नदी, म्हैस, एसटी, भाकरी, सगळं ते. कन्नडमध्ये ‘नदी आली’ हे ‘नदि बंतु’, आणि त्यातलं बंतु म्हणजे शब्दशः ‘आलं’. आज्जी मराठीचं व्याकरण चुकत नव्हती, कन्नडचं व्याकरण मराठी शब्दांना घालत होती. म्हणून काका-काकू बरोबर आणि म्हैस ‘चूक’.

कुपवाडात हे फक्त कन्नड घरांतल्या मराठीपुरतं राहिलं नव्हतं. गावच्या मराठीनंच तो सोपा हिशेब उचलला होता, तिथं पूर आला की ‘नदी आलं’. उर्दूची पंचाईत अशी की तिच्यात ‘ते’ हे लिंगच नाही. तिनं तोड काढली आणि माणसं सोडून बाकी सगळं पुल्लिंगात ढकललं: ‘नदी आया’. दिल्ली-लखनौकडच्या माणसाला हे ऐकून घाम फुटेल.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती हे महत्त्वाचं. प्रमाण कन्नडमध्ये ‘हे आमचं घर आहे’ यातलं ‘आहे’ बोलत नाहीत, ‘इदु नम्म मने’ एवढंच, हे आमचं घर. कुपवाडच्या कन्नडनं मराठी-उर्दूचं बघून शेवटी ‘आहे’ जोडायला सुरुवात केली होती. जिच्याकडे जे सोयीचं ते सगळ्यांनी घेतलं. आमच्याकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात आणि पुण्यात त्यावरून हसतात. कन्नडमध्ये ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यात फरकच नाही, दोन्हीला ‘बंदे’. या दोहोंचा संबंध लावायचा मोह मला दर वेळी होतो. असो.

हे घडतं कसं? ठरवून कोणी बसलेलं नसतं. समजा तुम्ही सकाळी घरात कन्नड बोलता, मळ्यात मराठी, दुपारी मोटेच्या दुरुस्तीला आलेल्याशी उर्दू. दर वेळी शब्दही बदलायचे आणि वाक्य बांधायची रीतही बदलायची म्हणजे डोक्याला दुहेरी काम. डोकं मग आळस करतं. वाक्याचा सांगाडा एकच ठेवतं आणि फक्त शब्द बदलतं. एका माणसानं असं केलं तर ती चूक ठरते. गावातल्या प्रत्येकानं, पिढ्यान्‌पिढ्या, दिवसातून पन्नास वेळा तीच चूक केली की तिचं व्याकरण होतं.

पण मग शब्दही एक का झाले नाहीत? आळसच करायचा तर पुरता करावा. याचं उत्तर असं की शब्द ऐकू येतात आणि सांगाडा ऐकू येत नाही. कोणी ‘बंदे’ म्हटलं की तो कोणाच्या घरातला ते कळतं. शब्द म्हणजे घरावरचा झेंडा, व्याकरण म्हणजे जोतं. झेंडा उतरवायला कोणी तयार नसतो. जोत्याचे दगड शेजाऱ्याकडून आणलेत का, हे कोणी खणून बघत नाही. कुपवाडच्या लोकांनी झेंडे चार ठेवले आणि जोतं एक केलं. आपण वेगळे आहोत हेही शाबूत, आणि एकमेकांचं समजायला कष्टही नाहीत.

एरवी भाषा शेजारी आल्या की उलटं घडताना दिसतं, आधी शब्द शिरतात. मराठीत बघा. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का कन्नडकडून. दुकान, जमीन, वकील, तारीख फारसी-अरबीतून. पगार, साबण, चावी, घमेलं, बटाटा पोर्तुगिजांकडून. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी ‘सरकार’ आजही सरकारच आहे. शब्द उसने घेतल्याचं आपल्याला कळतं, त्यावर वादही घालता येतो. सांगाडा उसना घेतल्याचं कळतच नाही, म्हणून त्यावर मोर्चे निघत नाहीत.

आणि सांगाड्याची ही उसनवारी कुपवाडपुरती नाही. तुम्हाला भूक लागते तेव्हा तुम्ही ‘मला भूक लागली’ म्हणता. भुकेलेले तुम्ही, पण वाक्यात कर्तेपण भुकेकडे, ती तुम्हाला येऊन लागते. हिंदीत ‘मुझे भूख लगी’. ‘मला माहीत आहे’ हे कन्नडमध्ये ‘ननगे गोत्तु’, तेलुगूत ‘नाकु तेलुसु’, तमिळमध्ये ‘एनक्कु तेरियुम’. सगळीकडे ‘मला’. इंग्रजी मात्र ठणकावून ‘मी’ म्हणते. पाहुणा आला की आपण ‘चहाबिहा’ विचारतो, हिंदीवाला ‘चायवाय’ विचारतो, कन्नड आणि तेलुगूवाले दुसऱ्या शब्दाला ‘गि’ लावून ‘पुस्तक-गिस्तक’ म्हणतात. अक्षर वेगळं, खोड तीच. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा एका प्रदेशात नांदून अशा सारख्या होतात, तेव्हा त्याला भाषाक्षेत्र म्हणतात, आणि भारत हे असं एक क्षेत्र आहे ही मांडणी भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ साली केली.

यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण दख्खनी उर्दूचं. हैदराबादेपासून मिरजेपर्यंत दख्खनी बोलणारा माणूस ‘नक्को’ म्हणतो, ते आपलं ‘नको’. ‘ऐसाइच’ म्हणतो, त्यातला ‘च’ आपला, ‘असंच’ मधला. याहून गंमत ‘बोलके’ची. आपण म्हणतो, ‘येतो म्हणून सांगितलं.’ कन्नडमध्ये ‘बरुत्तेने अंत हेळिद’, त्यातलं ‘अंत’ म्हणजे ‘म्हणून’. उत्तरेच्या हिंदी-उर्दूत यासाठी ‘कि’ आहे आणि तो आधी येतो. दख्खनीनं आपल्याच ‘बोलना’मधून नवा अवयव घडवला: ‘आता बोलके बोल्या’ (इथं ‘आता’ म्हणजे ‘येतो’). शब्द अस्सल उर्दू, सांधा पूर्ण दक्षिणी. दख्खनीला अशुद्ध उर्दू म्हणणाऱ्यांना हा सांधा दाखवावा.

मराठी स्वतःही याच रांगेत आहे. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हणजे तू इथंच थांब, ‘आपण जेवायला जाऊ’ म्हणजे तूही चल. हिंदीत दोन्हीला ‘हम’. तमिळ आणि तेलुगूत मात्र हा भेद पक्का आहे, तेलुगूत मेमु आणि मनमु. ऐकणाऱ्याला धरून आणि ऐकणाऱ्याला वगळून असे दोन ‘आम्ही’ मराठीत दाक्षिणात्य शेजारामुळे आले, असं अनेक अभ्यासक मानतात. कुपवाडचा निबंध ज्या ग्रंथात आला त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांनी तर मराठीची घडणच अशा मिश्र संपर्कातून झाली असावी, असा मुद्दा मांडला आहे. शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्यांना तो रुचणार नाही, पण त्यात कमीपणा काय आहे ते मला कधी कळलेलं नाही.

इथवर सगळं गोड चाललं आहे. आता थोडं कडू.

कुपवाडात भाषा इतकी शतकं वेगळ्या राहिल्या कारण माणसं वेगळी राहिली. एकमेकांत लग्नं नाहीत, पंगती वेगळ्या, वस्त्या वेगळ्या. घरातली भाषा जातीच्या भिंतीआड जपली गेली. मळ्याच्या बांधावर व्याकरण एक होत होतं, पण बांधाच्या एका बाजूला जमीनदार होता आणि दुसऱ्या बाजूला मजूर. ‘विविधतेत एकता’ म्हणून फलकावर लावावं असं हे चित्र नाही. भाषेनं माणसांना एका बोलण्यात आणलं, एका पंगतीला नाही.

एक गोष्ट मात्र या चित्रातही शिकण्यासारखी आहे. वेगवेगळ्या गटांतली माणसं समोरासमोर आली की कुपवाडात मराठी बोलत. का? गावात वजन असलेल्या मोठ्या गटांपैकी कोणाचीच ती घरची भाषा नव्हती. जैनानं मुसलमानाशी मराठीत बोललं तर कोणी कोणापुढे वाकलं असं होत नसे. प्रदेशाची भाषा म्हणून तिचा उपयोग होता, आणि गावातल्या बड्यांपैकी कोणाची मक्तेदारी नव्हती. मधली भाषा स्वीकारली जाते ती अशी. ती लादली जाते आहे असं वाटलं की तीच भाषा दगड होते. सीमाभागात, बेळगावकडे, हे आपण पाहिलेलं आहे. तिथल्या बाजारात एकाच वाक्यात दोन्ही भाषा सुखानं चालतात आणि पाटीवर कुठली भाषा वर यावी यावरून काचा फुटतात. बाजारात भाषा हे कामाचं अवजार असतं, पाटीवर ती मालकीहक्काचा कागद होते.

गम्पर्झ यांनी रंगवलेलं कुपवाड आज तसं उरलेलं नाही. १९६० साली महाराष्ट्र झाला, शाळा, कचेरी, नोकरी सगळं मराठीत आलं. एमआयडीसी आली. १९९८ साली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली आणि गाव शहराच्या पोटात गेलं. आता मराठी तिथं बड्यांपैकी कोणाचीच नसलेली मधली भाषा उरली नाही, ती सत्तेची भाषा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडचा नव्यानं अभ्यास केला. २०१६ साली छापलेल्या त्यांच्या लेखात त्यांनी जुन्या निबंधातल्या ‘एकास एक शब्द’ या चित्राची चिकित्सा केली आहे. तेव्हा पाल्याचं ते वाक्य पाठ करून कुपवाडात गेलात तर सगळे तसंच बोलताना सापडतील, अशी आशा धरू नका. वाक्य खरं आहे, पण जिवंत गाव एका वाक्याएवढं नीटस कधीच नसतं.

देशभराचा हिशेब बघितला तर २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून जास्त बोलणारे असलेल्या भाषा १२१ आहेत, आणि दोन किंवा अधिक भाषा येतात असं सांगणारे लोक साधारण २६ टक्के. म्हणजे चारातला एक. हा आकडा मला नेहमी कमी वाटतो, आणि त्याचं कारण आमच्या घरातच आहे. आज्जीला कोणी प्रगणकानं विचारलं असतं तर तिनं ‘कन्नड, आणि मराठी येतंय थोडं’ एवढंच सांगितलं असतं. बागवानाशी ती जे बोलायची त्याला ती भाषा मानतच नव्हती. “ते काय, मेथीचा भाव करायचा,” एवढंच तिचं म्हणणं.

माझ्या पिढीत घरातली कन्नड पातळ झाली. मला समजते, बोलायला गेलो की अडखळतो. माझ्या मुलांना समजतही नाही. आमच्या मराठीतून ‘आलं’ही गेलं. त्याला थोडा हातभार चौथीतल्या त्या मास्तरचाही लागला, हे मला कबूल आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. मी पुण्यात, फोन लागत नव्हते. रात्री उशिरा गावाकडच्या चुलतभावाचा व्हॉट्सअपवर आवाज आला. मागे पावसाचा आणि ट्रॅक्टरचा आवाज, कोणीतरी उर्दूत दोर मागत होतं, कोणीतरी कन्नडमध्ये पोरांना हाका मारत होतं. चुलतभाऊ पन्नाशीचा, कारखान्यात मुकादम, एरवी फोनवर अगदी पुस्तकी मराठी बोलणारा. त्याचा निरोप चार शब्दांचा होता.

“नदी आलंय. गुरं काढलीत.”